क्लिपस्प्रूटला गेलेली गाडी

'डिस्ट्रिक्ट नाइन' या चित्रपटात परग्रहावरचे जीव आहेत, माणसाच्या चिंधड्या उडवणारी शस्त्रं आहेत, जोहान्सबर्गच्या आकाशात वर्षानुवर्षं लटकलेलं अवाढव्य यान आहे. मला त्यातली सगळ्यात भयंकर वस्तू वाटली ती विकसच्या हातातला कागद. विकस व्हान डे मर्व हा एका बड्या कंपनीतला कारकून. शहराच्या कडेला पत्र्याच्या वस्तीत कोंबून ठेवलेल्या परग्रहवासीयांना घर सोडायची नोटीस द्यायला तो दारोदार फिरतो. मुदत चोवीस तास, इथे सही करा. एकजण चिडून कागदावर पंजा मारतो, तर विकस तीच सही धरतो आणि समाधानाने पुढच्या दाराकडे वळतो.

मी नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. नोटीस बजावणं हे माझ्या रोजच्या कामातलं काम. दार उघडलं तर हातात द्यायची आणि पोच घ्यायची. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा. घेत नसतील तर दोन पंचांसमक्ष दारावर डकवायची आणि तसा पंचनामा करायचा. कागदावर 'सार्वजनिक आरोग्यास अपायकारक' एवढे शब्द असले की समोरच्या माणसाचं बोलणं संपतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. कराची नोटीस असेल तर माणूस भांडतो, पावत्या काढून दाखवतो, नगरसेवकाला फोन लावतो. आरोग्याची नोटीस आली की तो खाली बघतो. आपण घाणेरडे आहोत, आपल्यामुळे दुसऱ्याला रोग होईल, हा आरोप सिद्ध व्हायच्या आधीच त्याच्या अंगाला चिकटलेला असतो. म्हणून हा चित्रपट पाहिल्यावर मी त्यातल्या यानाचा आणि बंदुकांचा विचार सोडून त्या शहराचा इतिहास वाचायला घेतला. आजाराच्या कागदाने माणसं हलवण्याची गोष्ट कुणाला जोहान्सबर्गमध्येच का सुचावी, हा माझा प्रश्न होता. उत्तर सापडलं ते १९०४ सालात.

आधी चित्रपटाबद्दल थोडं. तो २००९ साली आला. दिग्दर्शक नील ब्लोमकॅम्प जोहान्सबर्गमध्येच जन्मलेला. निर्माता पीटर जॅक्सन. खर्च सुमारे तीन कोटी डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या अशा चित्रपटांच्या मानाने कमी. तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर नामांकनं त्याला मिळाली. कथेत १९८२ साली यान येतं, आतले जीव भुकेने मरायला टेकलेले असतात, त्यांना खाली उतरवून छावणीत ठेवतात आणि छावणीची झोपडपट्टी होते. अठ्ठावीस वर्षांनी त्यांना शहरापासून लांब, तंबूंच्या नव्या छावणीत हलवायचं ठरतं. नोटिसा वाटताना विकसच्या तोंडावर एका नळकांड्यातला काळा द्रव उडतो. त्याची नखं गळू लागतात, एक हात त्या परग्रहवासीयांसारखा होतो. कंपनी त्याला प्रयोगशाळेत नेते, कारण परग्रहाची शस्त्रं फक्त तसल्या हाताने चालतात. तो पळतो. कंपनी दूरचित्रवाणीवर त्याच्याबद्दल गलिच्छ अफवा सोडते की परग्रहवासीयांशी शरीरसंबंध ठेवून त्याने रोग आणला. हॉटेलातली माणसं त्याला पाहून उठून पळतात. बायको फोनवर नीट बोलत नाही. शेवटी ज्या वस्तीला तो नोटिसा वाटत होता, त्याच वस्तीत तो लपतो आणि तिथून शस्त्र उचलतो.

यातली एक गोष्ट माझ्यासारखीच्या नजरेतून सुटत नाही. विकसपासून चित्रपटभर एकाही माणसाला लागण होत नाही. तो बाधित आहे, पण संसर्गजन्य नाही. त्याला संसर्गजन्य ठरवलं आहे, आणि तेवढ्यावर अख्खं शहर त्याच्या मागे लागतं.

चित्रपटाचं नाव केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सवरून सुचलं, हे बहुतेक समीक्षकांनी लिहिलं आहे. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ती गजबजलेली मिश्र वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसं तिथून उठवून केप फ्लॅट्सच्या वाळूवर नेऊन टाकली. ते खरंच आहे. पण चित्रीकरण झालं ते चियावेलोत, म्हणजे जोहान्सबर्गच्या सोवेटोत. आणि सोवेटोची मुळं वर्णभेदाच्या कायद्यांच्या कितीतरी आधीची आहेत. ती मेलेल्या उंदरांपाशी जातात.

१८८६ मध्ये विटवाटर्सरँडला सोनं सापडलं आणि माळरानावर जोहान्सबर्ग उभं राहिलं. हिंदी माणूस तिथे व्यापाराला आणि मजुरीला गेला, पण ट्रान्सवालच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने त्याला ठरवून दिलेल्या जागेतच राहणं भाग होतं. शहराच्या पश्चिमेला, विटांच्या भट्ट्यांच्या परिसरात अशी एक जागा होती. सरकारी कागदात तिचं नाव 'कुली लोकेशन'. तिथल्या हिंदी लोकांनी जमिनीचे तुकडे नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतले होते. तिथे काळे आफ्रिकी मजूरही राहत.

बोअर युद्ध संपून इंग्रजांचा अंमल आला. १९०३ मध्ये नगरपालिकेने हा भाग आरोग्याला घातक ठरवून ताब्यात घेतला. कालपर्यंत पट्टेदार असलेली माणसं रातोरात पालिकेची भाडेकरू झाली. आता माझ्या खात्याच्या भाषेत सांगते. मालकी पालिकेची, भाडं पालिका घेणार, तर गटार, संडास, कचरा ही जबाबदारीही पालिकेची. पण नवी जागा ठरेना म्हणून लोक तिथेच राहिले, भाड्याच्या लोभाने गर्दी वाढू दिली, आणि साफसफाईकडे मात्र आधीपेक्षाही दुर्लक्ष झालं. पूर्वी आपलं घर म्हणून माणूस ओटा तरी झाडत होता. आता तेही राहिलं नाही. गांधी तेव्हा जोहान्सबर्गमध्ये वकिली करत होते. फेब्रुवारी १९०४ मध्ये त्यांनी आरोग्याधिकारी डॉ. पोर्टर यांना लेखी कळवलं की वस्तीची अवस्था भयंकर आहे, वेळीच हालचाल करा. मी खात्यात असताना असे अर्ज पाहिले आहेत. आवक क्रमांक पडतो, शेरा मारला जातो, आणि कागद साथीची वाट बघत फायलीत बसतो.

मार्चमध्ये साथ आली. आली ती लोकेशनमध्ये नव्हे; जवळच्या एका सोन्याच्या खाणीत आली. तिथे काम करणारे तेवीस हिंदी मजूर एका संध्याकाळी तापाने फणफणलेले लोकेशनमध्ये परतले. फुप्फुसाचा प्लेग. मदनजित व्यावहारिक हे गृहस्थ 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकाचे वर्गणीदार जमवत त्या वेळी वस्तीत फिरत होते. त्यांनी एका रिकाम्या घराचं कुलूप तोडलं, कुणाची परवानगी न विचारता घर ताब्यात घेतलं आणि सगळे रोगी आत आणले. गांधींना चिठ्ठी पाठवली. गांधी सायकलवरून आले आणि आधी पालिकेला कळवलं की घर कोणत्या परिस्थितीत घेतलं आहे. डॉ. विल्यम गॉडफ्रे धावत आले. गांधींच्या कचेरीतले चार तरुण कारकून रात्रभर शुश्रूषेला उभे राहिले.

या कुलुपापाशी मी फार वेळ थांबते. आपल्या पुण्यात त्याच्या सात वर्षं आधी, मार्च १८९७ मध्ये, सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला पाठुंगळी घेऊन हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. मदनजित आणि सावित्रीबाई यांना एकमेकांबद्दल काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण साथीत रोग्यापासून लांब पळा असं सगळं जग ओरडत असताना दोघंही रोग्याकडे गेली, आणि दोघांनीही कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. बंडखोर म्हणून मला हीच माणसं आधी आठवतात.

दुसऱ्या दिवशी पालिकेने एक रिकामं गोदाम दिलं. ते अस्वच्छ होतं. हिंदी लोकांनीच ते धुऊन काढलं, खाटा जमवल्या. पालिकेने एक परिचारिका पाठवली आणि सोबत ब्रँडी, कारण प्लेगवर ब्रँडी देत राहायचं अशी तेव्हाची समजूत होती. गांधींनी तीन रोग्यांना त्यांच्या संमतीने ब्रँडीऐवजी डोक्यावर आणि छातीवर ओल्या मातीच्या पट्ट्या दिल्या. त्या तिघांपैकी दोघे वाचले. गोदामातले बाकीचे वीस मेले. मातीने वाचले असं मी म्हणणार नाही. त्या काळी या रोगावर कुणाकडेच औषध नव्हतं. ती परिचारिकाही थोड्याच दिवसांत प्लेगने गेली.

यानंतर पालिका एकदम जागी झाली. महिनाभर आधी ज्यांना पत्राला दाद द्यायला सवड नव्हती, त्यांनी वस्तीभोवती पहारे बसवले. परवान्याशिवाय आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही. सगळी वस्ती रिकामी करायची, लोकांना शहरापासून तेरा मैलांवर क्लिपस्प्रूटच्या माळावर तंबूत ठेवायचं आणि वस्ती जाळायची, असा निर्णय झाला. लोक घाबरले. कित्येकांनी आयुष्याची कमाई जमिनीत पुरून ठेवली होती. बँक त्यांना माहीत नव्हती. त्यांनी ती उकरून गांधींकडे आणून दिली. जवळजवळ साठ हजार पौंड जमा झाले. पैशालाही प्लेग लागला असेल या भीतीने बँकवाले तांब्याची आणि चांदीची नाणी हाताळायला तयार नव्हते. ती जंतुनाशकाने धुऊन मगच घेतली. मग खास गाडी सुटली, आणि लोकेशनमधली माणसं क्लिपस्प्रूटला गेली. दुसऱ्या दिवशी लोकेशन पेटवलं. बाजारात मेलेले उंदीर सापडले म्हणून पालिकेने बाजारातलं आपलं लाकूडही जाळलं. त्यात तिचं दहा हजार पौंडांचं नुकसान झालं. पालिकेने आपला माल जाळायलाही मागेपुढे पाहिलं नाही, हे मी मान्य करते. मात्र लाकूड पुन्हा विकत घेता येतं.

गांधींनी लोकांना समजावून गाडीत बसवलं. हिंदी लोकांनी सहकार्य केलं नसतं तर पालिकेने शस्त्रबळ वापरायलाही कमी केलं नसतं, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवलं आहे. तीन आठवडे मोकळ्या हवेत तंबूत राहून लोकांची प्रकृती सुधारली, असंही ते सांगतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. दाट वस्तीतून माणसं मोकळ्यावर नेली की साथ आटोक्यात येते, हे मी स्वतः शिकले आणि शिकवलंही. माझा सवाल तीन आठवड्यांनंतरचा आहे. साथ ओसरली, मग माणसं परत आली का?

आली नाहीत. परत यायला जागाच उरली नव्हती. जळालेल्या वस्तीच्या जागेवर गिरण्या, गोदामं, रेल्वेचे रूळ आले आणि तिचं नाव न्यूटाउन पडलं. हिंदी लोक हळूहळू शहराच्या दुसऱ्या भागांत शिरले. काळ्या आफ्रिकी लोकांना तेही करू दिलं नाही. क्लिपस्प्रूट ही त्यांची कायमची वस्ती ठरली, शहराचा मैला जिरवायच्या शेताच्या शेजारी, कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटर लांब. साथीचा तात्पुरता तळ कायम झाला. १९३४ मध्ये त्याला पिमव्हिल असं नाव दिलं. शेजारी ऑर्लँडो उभं राहिलं, मग आणखी वस्त्या, आणि १९६३ मध्ये या सगळ्यांना मिळून सोवेटो म्हणू लागले. पुढे साऱ्या जगाला ठाऊक झालेल्या या वस्तीची पहिली माणसं आरोग्यखात्याच्या हुकमाने आली होती, हे वाचताना मला खुर्चीत नीट बसवेना. ज्या खात्याचं ओळखपत्र मी गळ्यात घालत होते, त्याच जातीच्या खात्याचा तो हुकूम.

जोहान्सबर्गने हे केप टाउनकडून उचललं होतं. तिथे फेब्रुवारी १९०१ मध्ये प्लेग आला, बोअर युद्धातल्या घोड्यांसाठी जहाजांनी आणलेल्या चाऱ्याबरोबरच्या उंदरांतून. कलकत्त्याचे माजी आरोग्याधिकारी प्राध्यापक सिम्पसन सल्लागार म्हणून तिथे होते. काही आठवड्यांत सहा-सात हजार काळ्या आफ्रिकी लोकांना शहरातून काढून उइटव्हलुख्त नावाच्या जागी छावणीत नेलं. तीच पुढे न्डाबेनी झाली. कायदा वापरला तो केप वसाहतीचा १८९७ चा सार्वजनिक आरोग्याचा. विशेष म्हणजे केप टाउनच्या प्लेगच्या रोग्यांत काळ्या आफ्रिकी लोकांचा आकडा गोऱ्यांपेक्षाही कमी होता आणि मिश्रवर्णीयांपेक्षाही कमी. तरी हलवले गेले ते आधी तेच. मेनार्ड स्वॉन्सन या इतिहासकाराने १९७७ मध्ये या प्रकरणावर एक गाजलेला लेख लिहिला. शहरांतली वंशाची विभागणी कायद्यात यायच्या आधी डॉक्टरांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बोलण्यात रोगाच्या रूपाने आली, असं त्याने कागदपत्रांतून दाखवून दिलं. काळा माणूस शहरात राहणं हाच जणू रोग, आणि त्याला बाहेर काढणं हा उपचार.

हा प्लेग हाँगकाँगहून मुंबईला आणि मग समुद्रमार्गे जगभर गेलेल्या त्याच साथीतला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरने तो ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये आपल्याकडे साथरोगाचा कायदा झाला, आणि पुण्यात रँडने काय केलं व २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईत प्लेगच्या काळात घरांवर 'यू एच एच' ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात: माणसांना राहण्यास अयोग्य. चाळीतल्या माणसाला ती वाचता येत नसली तरी अर्थ कळायचा. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते झाले, आणि उठवलेली बरीच माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. मात्र मुंबईचा गिरणी कामगार शहरातच राहिला. गिरणीचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर तो हवा होता. जोहान्सबर्गच्या खाणमालकाला आणि पालिकेला कामगार दिवसा हवा होता आणि रात्री डोळ्यांसमोर नको होता. त्यांच्याकडे त्यासाठी रेल्वे होती.

पुढची पन्नास वर्षं मी भराभर सांगते, कारण ती बहुतेकांना माहीत आहेत. १९२३ च्या कायद्याने काळ्यांसाठी शहराबाहेर वेगळ्या वस्त्या हा देशभरचा नियम झाला. १९५० मध्ये माणसांची वंशवार नोंदणी आणि वंशवार वस्त्या यांचे कायदे आले. ९ फेब्रुवारी १९५५ च्या पहाटे दोन हजार सशस्त्र पोलीस सोफियाटाउनमध्ये शिरले. काळ्या माणसाला जिथे स्वतःची जमीन घेता आली होती, जिथे जाझ वाजत होता, लेखक राहत होते, ती वस्ती. कुटुंबं लॉऱ्यांत भरून मेडोलँड्सला नेली, घरं पाडली आणि त्या जागी गोऱ्यांची वसाहत बांधून तिला 'ट्रायॉम्फ' म्हणजे विजय हे नाव दिलं. जुनं नाव परत मिळायला २००६ उजाडलं. सोफियाटाउन पाडलं तोवर 'गलिच्छ वस्ती निर्मूलन' हे शब्द सरकारच्या तोंडात इतके बसले होते की प्लेगची आठवण काढायचीही गरज उरली नव्हती.

या सगळ्यात बंड कुठे होतं? चित्रपटातला विकस शेवटी परग्रहवासीयांचं लोखंडी चिलखत अंगावर चढवतो आणि भाडोत्री सैनिकांचा धुव्वा उडवतो. ती वीस-पंचवीस मिनिटं थरारक आहेत, आणि मला ती चित्रपटातला सगळ्यात कमजोर भाग वाटली. चित्रपट जितका नोटिशीचा आणि पत्र्याच्या भिंतींचा होता तितका तो खरा होता. बंदुका सुरू झाल्यावर तो इतर चित्रपटांसारखा होतो. त्याच मातीत याहून मोठं बंड झालं आहे आणि त्यात एकही चिलखत नाही.

१९४४ चं साल. युद्धामुळे कारखाने जोरात होते, गावाकडून माणसं येत होती, आणि ऑर्लँडोतल्या एकेका खोलीत तीन-तीन कुटुंबं भाड्याने राहत होती. पालिकेने घरं बांधणं जवळजवळ थांबवलं होतं. जेम्स म्पान्झा नावाचा एक माणूस, पूर्वी खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून सुटलेला, तुरुंगात ख्रिस्ती धर्माकडे वळलेला, घोड्यावरून वस्तीत फिरणारा. मार्च महिन्यात तो शेकडो पोटभाडेकरू कुटुंबांना घेऊन पालिकेच्या मोकळ्या माळावर गेला. त्यांनी गोणपाट, पत्रे, मक्याची ताटं जे मिळेल त्याची खोपटी उभी केली आणि तिथेच बसले. पालिका म्हणाली, हे बेकायदा आहे, आरोग्याला अपायकारक आहे. लोक हलले नाहीत. आणखी येत राहिले. हजारो झाले. त्यांची 'सोफासोंके' ही संघटना स्वतः वस्तीची व्यवस्था पाहू लागली. सरकारने म्पान्झाला जोहान्सबर्गमधून हद्दपार करायचा प्रयत्न केला; तो न्यायालयात टिकला नाही. अखेर पालिकेला त्या लोकांसाठी निवारे बांधावे लागले. सोवेटोची पुढची वाढ ज्या दबावातून झाली त्याची सुरुवात तिथे झाली, म्हणून म्पान्झाला तिथले लोक सोवेटोचा जनक म्हणतात.

ज्या कागदावर 'अपायकारक' लिहून माणसं हलवतात, त्या कागदापुढे गोणपाट टाकून बसणं हे किती अवघड असतं, ते नोटीस बजावणाऱ्याला विचारा. माझ्या नोकरीत एका नाल्याकाठच्या वस्तीतल्या बाईने माझ्या हातातली नोटीस घेतली, शेजारच्या मुलाकडून पूर्ण वाचून घेतली आणि मला विचारलं, "ताई, यात आम्ही कधी जायचं ते लिहिलंय. कुठं जायचं ते कुठाय?" तो रकाना त्या नमुन्यात नव्हता. मी कार्यालयात जाऊन वरिष्ठांना तसं लेखी दिलं आणि तो रकाना असावा म्हणून पुढे सतत मागत राहिले. १९०४ च्या क्लिपस्प्रूटबद्दल वाचताना मला तिचा प्रश्न आठवला, आणि त्यात एक भर घालावीशी वाटली: परत कधी यायचं, तेही लिहा.

चियावेलो ही वस्ती १९५० च्या दशकात त्सोंगा आणि व्हेंडा भाषा बोलणाऱ्यांसाठी वसवली, सोवेटोतही भाषावार विभागणी करायची म्हणून. ब्लोमकॅम्पच्या मंडळींनी २००८ च्या तिथल्या हिवाळ्यात चित्रीकरण केलं तेव्हा त्यांना फारसं उभारावं लागलं नाही. पडद्यावर दिसणाऱ्या खोपटांत खरी माणसं राहत होती आणि त्याच सुमाराला त्यांना सरकारी घरकुल योजनेत दुसरीकडे हलवलं जात होतं. पडद्यावर धूळ, कचरा, हाडं, तुटकं फर्निचर, धुराने काळं झालेलं आभाळ दिसतं. त्यातलं पुष्कळसं चित्रीकरणाच्या आधीही तिथेच होतं.

या चित्रपटाआधी ब्लोमकॅम्पने 'अलाइव्ह इन जोबर्ग' नावाची एक सहा-सात मिनिटांची फिल्म केली होती. तीत परग्रहवासीयांबद्दल बोलणारी जी सामान्य माणसं दिसतात, त्यांतल्या काहींना त्याने खरं तर झिम्बाब्वेहून आलेल्या लोकांबद्दल विचारलं होतं. ते काम करायला येतात, आमच्यात नकोत, त्यांना परत पाठवा. ती उत्तरं परग्रहवासीयांच्या गोष्टीत जशीच्या तशी बसली. आणि मग मे २००८ मध्ये, चित्रीकरणाच्या जेमतेम आधी, जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत परदेशी आफ्रिकी लोकांवर हल्ले सुरू झाले, ते इतर शहरांत पसरले, आणि बासष्ट माणसं मारली गेली. मारणारे आणि मरणारे बहुतेक एकाच प्रकारच्या खोपटात राहणारे होते.

म्हणूनच या चित्रपटातल्या नायजेरियन टोळीबद्दल मला माफी देता येत नाही. परग्रहवासीयांना मांजराचं खाणं महागात विकणारे, त्यांचं मांस खाऊन ताकद येते असं मानणारे, वेश्याव्यवसाय चालवणारे लोक म्हणून एका खऱ्या देशाच्या माणसांना ब्लोमकॅम्पने पडद्यावर आणलं, आणि टोळीच्या म्होरक्याला नाव दिलं ते नायजेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या आडनावासारखं. सप्टेंबर २००९ मध्ये नायजेरियाच्या माहितीमंत्री डोरा अकुन्यिली यांनी आपल्या देशातल्या चित्रपटगृहांना हा चित्रपट दाखवू नका असं सांगितलं. चित्रपटांवरची बंदी मला एरवी पटत नाही. पण त्यांचा राग रास्त होता. ज्या दिग्दर्शकाला विकसबद्दलची गलिच्छ अफवा कशी तयार होते हे इतकं नेमकं दाखवता आलं, त्याला तीच अफवा जोहान्सबर्गच्या रस्त्यावर, परदेशी दुकानदाराच्या पत्र्याच्या टपरीसमोर उभी असलेली दिसायला हवी होती.